शिशाचं अक्षर आणि ९५ टक्के

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'क्षयरोगाचं अचूक निदान आता एआय करणार' ही कालच्या अंकातली बातमी वाचली. बातमी कसली, कंपनीचं पत्रकच मथळा देऊन छापलंय. एक्स-रे बघून ९५ टक्के अचूक म्हणे. कुठल्या माणसांवर, आणि तपासलं कोणी? हजारात पाचच क्षयरोगी असतील, तर सगळ्यांना 'ठणठणीत' म्हणणारा आमचा शिपाईसुद्धा ९९.५ टक्के अचूक ठरेल.

मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढले. डावं-उजवं कळावं म्हणून कोपऱ्यात शिशाचं अक्षर ठेवतो आम्ही. २०१८ साली अमेरिकेत एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारं एआय मॉडेल, ज्यांच्या फिल्मवर ते शिकलं नव्हतं अशा परक्या रुग्णालयांच्या फिल्मवर चालवून पाहिलं, तर बऱ्याचदा घसरलं. पठ्ठ्या ते कोपऱ्यातलं अक्षरही बघत होता आणि फिल्म कुठल्या दवाखान्याची, हे त्यावरून ताडत होता!

आता घरचं सांगतो. गेल्या पावसाळ्यात गावात शिबिर झालं. आमच्या हिला १९८९ साली क्षय झाला होता. औषधं पुरी केली, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला व्रण तेवढा राहिला. शिबिरात तिचा एक्स-रे एआयनं वाचला, तर तिथल्या पोराच्या टॅबवर त्याच जागी लाल चौकट उमटली आणि शेजारी आकडा, ०.६२. "काकू, संशयित." म्हटलं, बाळा, जुना डाग आहे तो. आणि कितीच्या पुढं संशयित धरायचं, हे कुणी ठरवलं? तर म्हणे, "काका, ते वरूनच सेट होऊन येतं."

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली १५ वर्षांवरच्यांसाठी अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली खरी, पण कितीच्या पुढं संशयित, हा आकडा ज्या त्या ठिकाणच्या लोकांवर पडताळून ठरवावा लागतो. जुन्या व्रणाला यंत्र फसतं, हेही या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. रेडिओलॉजिस्ट तालुक्याला फिरकत नाही, तिथं यंत्र हवंच, माझी ना नाही. पण आधी आमच्या फिल्मवर घासून बघा की!

थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, नऊ दिवसांनी. तोवर सून नातवाला घेऊन माहेरी गेली होती. तिचं तरी काय चुकलं? पण हिनं तेव्हापासून शिबिराचं नाव टाकलंय. साखर तपासायलासुद्धा येत नाही.

जाता जाता, माझं मागचं पत्र आपण निम्मं कापून 'ज्येष्ठांच्या व्यथा' या चौकटीत घातलंत. ते एसटीच्या वेळापत्रकाबद्दल होतं. या खेपेला कात्री चालवायचीच असेल तर नमस्कार कापा, ०.६२ राहू द्या.

आपला,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ, जि. सातारा