मा. सामाजिक न्यायमंत्र्यांना कोल्हापुरातून खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

दर २६ जूनला, सामाजिक न्याय दिनी, आमच्या दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार चढतात. निम्म्या जागा मागासांसाठी राखणारा १९०२चा जाहीरनामा याच संस्थानातून निघाला. म्हणून दलित ख्रिस्ती माणसांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळावा, या प्रश्नावर आपल्याकडे धीर करून लिहिते आहे.

त्यांच्या या हक्काबद्दल पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, तोंड उघडलं, की 'चर्चनं प्रार्थना करावी, राजकारणात पडू नये' असं ऐकवलं जातं. राज्य धर्मनिरपेक्ष आहे, हे कारण. पण त्याचा अर्थ राज्याला स्वतःचा धर्म नाही, एवढाच. एकोणिसाव्या कलमानं दिलेलं बोलण्याचं स्वातंत्र्य पाळकाचा झगा चढवल्यानं कमी होत नाही.

मर्यादा आम्हाला ठाऊक आहे. धर्माच्या नावावर मत मागणं लोकप्रतिनिधित्व कायद्यानं गैर ठरवलं आहे आणि २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उमेदवाराच्या धर्माबरोबर मतदाराचा धर्मही त्या कक्षेत आणला. ते योग्यच झालं. उद्या आमच्या उपासनेत कुणी अमक्याला मत द्या म्हणालं, तर मी उठून विरोध करीन.

वसईचा हिरवा पट्टा वाचवायला फादर फ्रान्सिस दिब्रिटो रस्त्यावर उतरले. २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून मराठी माणसानं त्यांचा मान केला. झाडा-पाण्यासाठी बोललेलं चालतं, मग जातीबद्दल बोललेलं का खुपावं?

कोल्हापूर-मिरज भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. धर्म बदलला, गावानं जात बदलली नाही. तरी १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान दलित मात्र बाहेरच राहिले. महाराष्ट्रात त्यांना इतर मागासवर्गात जागा आहे, पण जातीवरून मारहाण झाली तर ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण मिळत नाही. मला सगळ्यात जास्त हेच टोचतं. ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग दर्जा कसला, असं विचारतात. धर्मात नाही, माणसांत आहे. आमच्या मंडळ्यांतही, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांतही, जात बघून सोयरिकी होतात. ते आमचं पाप आहे आणि त्यावरही चर्चनं जाहीरपणे बोललं पाहिजे.

अल्पसंख्याकांच्या प्रश्नांसाठी केंद्रानं नेमलेल्या रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७मध्ये अनुसूचित जातीचा हा दर्जा धर्मापासून वेगळा करावा, अशी शिफारस केली. २०२२मध्ये याच प्रश्नावर केंद्रानं पुन्हा नवा आयोग नेमला. निर्णय दिल्लीचा आहे, हे मान्य. पण नवबौद्धांच्या बाबतीत महाराष्ट्र दिल्लीसाठी थांबला नव्हता. १९६०मध्येच राज्यानं आपल्या अखत्यारीतल्या सवलती त्यांना दिल्या.

तेव्हा विनंती एवढीच, की या प्रश्नावर कोल्हापुरात जाहीर सुनावणी घ्या. विरोध करणाऱ्यांनाही बोलवा. पाळकांचं निवेदन इतर कोणत्याही नागरिकाच्या निवेदनासारखंच नोंदवून घ्या, कमी नको आणि जास्तही नको. मग राज्याचं मत लेखी स्वरूपात केंद्राला कळवा आणि त्याची प्रत लोकांसाठी खुली करा.

आपली,
कोल्हापुरातील एका मंडळीची सभासद