पाच ऑक्टोबरची सुट्टी: लिस्बनमधल्या लेकीला पत्र

फोंडा, गोवा
६ ऑक्टोबर

चि. बाय हिला अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, "बाबा, आज सुट्टी आहे, राजाला घालवल्याची." वर असंही म्हणालीस की वर्गातली मुलं विचारतात, जे प्रजासत्ताक सोळा वर्षांत कोसळलं त्याचा दिवस पाळायचा कशाला? तू घाईत होतीस, फोन ठेवलास. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न जाईना. फोनवर हे सांगून झालं नसतं, म्हणून सकाळी उठल्याबरोबर लिहायला बसलो.

पोर्तुगालचा तो शेवटचा राजा, दुसरा मानुएल, १९१० च्या ५ ऑक्टोबरला गादीवरून गेला तेव्हा तुझ्याहून लहान होता. वीस वर्षांचा. राजा होणं त्याच्या वाट्याला यायचंच नव्हतं. १ फेब्रुवारी १९०८ ला राजघराणं लिस्बनला परतत होतं. नदीकाठच्या ज्या चौकातल्या पिवळ्या कमानींचे फोटो तू पाठवलेस, त्याच चौकात त्यांच्या उघड्या बग्गीवर गोळ्या झाडल्या गेल्या. बाप राजा कार्लुश आणि थोरला भाऊ लुईश फिलिप, दोघेही गेले. मानुएलच्या दंडाला गोळी लागली. राणी अमेलीच्या हातात स्वागताचा फुलांचा गुच्छ होता, तोच घेऊन ती मारेकऱ्याला मारायला धावली. मी काही राजेशाहीच्या बाजूचा नाही, पण हे वाचताना दर वेळी मला त्या बाईचा हात दिसतो. नवरा आणि मुलगा डोळ्यांदेखत जातायत आणि हातात फुलांखेरीज काही नाही.

राजावर लोक इतके का चिडले होते? खर्च, कर्ज, राजघराण्याला सरकारी तिजोरीतून दिलेल्या उचली, संसद बाजूला सारून चालवलेला कारभार, हे सगळं होतंच. पण मूळ जखम १८९० ची. आफ्रिकेतल्या अंगोला आणि मोझांबिक या आपल्या दोन वसाहतींमधला मुलूख पोर्तुगालला हवा होता. ब्रिटनने निर्वाणीचा खलिता धाडला आणि राजाने माघार घेतली. त्या अपमानाच्या भरात लिहिलेलं गीतच पुढे प्रजासत्ताकाचं राष्ट्रगीत झालं. ही गोष्ट नीट ध्यानात ठेव. राजाने आफ्रिका सोडली म्हणून ते चिडले होते. वसाहती नकोत, असं त्यांच्यातल्या फारसं कुणी म्हणत नव्हतं. पुढे आपल्या वाट्याला जे आलं त्याचं बीज इथे आहे.

आता ते तीन दिवस. ३ ऑक्टोबर १९१० ला प्रजासत्ताकवाद्यांचे पुढारी डॉ. मिगेल बोम्बार्दा यांना त्यांच्याच एका रुग्णाने गोळी घातली. उठाव त्याच रात्री ठरलेला होता. काहीच ठरल्यासारखं होईना. सगळं फसलं असं समजून अॅडमिरल कांदिदु दुश रैश यांनी स्वतःवर पिस्तूल झाडून घेतलं. आज जिथे मार्केश दि पोम्बाल चौक आहे तिथे बंडखोरांनी मोर्चे बांधले होते. तिथूनही अधिकारी हळूहळू निघून गेले. मागे राहिला माशादु सांतुश, नौदलाच्या प्रशासकीय शाखेतला एक साधा अधिकारी, आणि त्याच्याबरोबर काही शे माणसं. तो हलला नाही. पुढे लढाऊ जहाजांनी राजवाड्यावर तोफा डागल्या आणि राजा लिस्बनबाहेरच्या माफ्राच्या राजवाड्याकडे निघाला.

५ तारखेची सकाळ तर ऐकण्यासारखी आहे. रोसिउ चौकात राजाचं सैन्य अजून उभं होतं. परदेशी नागरिकांना सुखरूप बाहेर काढायला थोडा वेळ मिळावा म्हणून जर्मनीचा राजदूत पांढरं निशाण घेऊन निघाला. लोकांना वाटलं, राजाचं सैन्य शरण आलं! गर्दी रस्त्यावर लोटली, सैनिकांना मिठ्या मारू लागली, आणि मग लढायला कुणी उरलंच नाही. थोड्याच वेळात जुझे रेल्वश यांनी नगरपालिकेच्या सज्जातून प्रजासत्ताकाची घोषणा केली. त्याच दिवशी एरिसैराच्या किनाऱ्यावरून कोळ्यांच्या होड्यांतून राजा, त्याची आई आणि आजी जहाजाकडे गेली. मानुएल परत कधी आला नाही. इंग्लंडमध्ये जुनी पोर्तुगीज पुस्तकं जमवत राहिला आणि १९३२ मध्ये तिथेच वारला.

आता आपल्या घराचं. राजा असेपर्यंत कॅथलिक धर्म हाच राज्यधर्म होता, आणि सरकारी नोकरीची दारं हिंदूंना बहुतांशी बंद. एप्रिल १९११ मध्ये चर्च आणि सरकार वेगळं करणारा कायदा झाला, आणि कायद्यापुढे इथला हिंदू कॅथलिकाच्या बरोबरीला आला. तुझे पणजोबा सांगायचे की त्यांचे थोरले बंधू लिसेवमध्ये, म्हणजे सरकारी पोर्तुगीज हायस्कुलात, शिकून सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले, तेव्हा पहिल्या पगाराच्या दिवशी त्यांच्या आईने देवीला ओटी भरली होती. घरात पिढ्यान् पिढ्या कुणी त्या कचेरीत खुर्चीवर बसलं नव्हतं. १९१२ मध्ये हेगडे देसाईंचं 'भारत' हे वर्तमानपत्र सुरू झालं. आपल्या पडवीत तो अंक मोठ्याने वाचला जायचा आणि वाचता न येणारी शेजारची माणसं खांबाला टेकून ऐकायची. मराठीत सरकारला उघड प्रश्न विचारलेले त्या माणसांनी तेव्हा ऐकले. म्हणून सांगतो, ती सोळा वर्षं मला वाया गेलेली वाटत नाहीत.

पण त्यांना डोक्यावर घेऊनही चालणार नाही. जवळजवळ सोळा वर्षांत ४५ सरकारं झाली. १९१८ च्या डिसेंबरात रोसिउ स्टेशनात राष्ट्राध्यक्ष सिदोनिउ पाईश यांचा खून झाला. १९ ऑक्टोबर १९२१ च्या रात्री एक ट्रक लिस्बनभर फिरून माणसांना घरातून उचलून नेत होता. मारल्या गेलेल्यांत माशादु सांतुशही होता, तोच, जो अकरा वर्षांपूर्वी हलला नव्हता. २८ मे १९२६ ला लष्कराने सत्ता घेतली, आणि त्या वाटेने हुकूमशहा सालाझार आला. १९३० च्या वसाहत कायद्याने आम्हाला पुन्हा जागा दाखवून दिली: वसाहती राखणं आणि तिथल्यांना 'सुधारणं' हे पोर्तुगीज राष्ट्राचं मूळ कार्य! प्रजासत्ताकाच्या बाजूने लेखणी झिजवलेल्या लुईश द मेनेझिस ब्रागांझांनी त्याच वर्षी गोव्याच्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. माझ्या मनात त्यांची जागा फार वरची आहे. मिळालेली समता मालकाच्या घरातली आहे, हे त्यांनी वेळेवर ओळखलं.

एक गोष्ट खास तुझ्यासाठी राखून ठेवली होती. प्रजासत्ताकाच्या पहिल्या निवडणुकीचा कायदा म्हणत होता: एकवीस वर्षांवरील, लिहिता-वाचता येणारा किंवा कुटुंबप्रमुख असणारा पोर्तुगीज नागरिक मत देऊ शकेल. पुरुषच हवा, असं लिहायचं राहून गेलं होतं. कारुलिना बियात्रिश आंजलु नावाची डॉक्टर, विधवा, एका मुलीची आई, हिने तो कायदा नीट वाचला. शिकलेली मी, घर चालवते मी, मग माझं नाव यादीत का नाही? नकार आला, ती कोर्टात गेली आणि जिंकली. २८ मे १९११ ला तिने मत दिलं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, ती गेली. आणि १९१३ मध्ये त्याच प्रजासत्ताकाने कायद्यात 'पुरुष' हा शब्द घातला. सगळ्या बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत द्यायला १९७४ च्या क्रांतीपर्यंत थांबावं लागलं.

तिने मत दिलं ते अरोयुश भागात, तुझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. या रविवारी जमलं तर त्या बाजूने एक फेरी मारून ये आणि काय दिसलं ते मला कळव. आई म्हणते, सोलं संपली असतील तर सांग, ओळखीचं कुणी येणार असेल त्याच्याबरोबर पाठवू.

तुझा,
बाबा