प्रिंटलाइनमध्ये नाव लागायच्या आधी

चि. मनू,

तुझा काल रात्रीचा मेसेज वाचला, आईलाही वाचून दाखवला. फोन केला असता तर मला नीट बोलता आलं नसतं म्हणून बसून टाइप करतोय, जमेल तसं. सहा वर्षं सातारा कोर्टात उभं राहून आता कुठे पक्षकार तुझं नाव विचारत यायला लागलेत आणि तू म्हणतेस वकिलीची सनद सस्पेंड करते, आपलं साप्ताहिक मी बघते. मला आनंद झाला हे आधी सांगतो. पण रात्री झोप लागली नाही हेही खरं.

तू विचारलंयस मी वकिली का सोडली. आजवर तुला नीट सांगितलंच नाही कधी. 9 वर्षं दिवाणी केली, त्यात धरणात जमिनी गेलेल्यांची कामं बरीच होती. तेव्हा 1894चा भूसंपादन कायदा होता, मोबदला ठरवणारा निवाडा झाला की वाढीव मोबदल्यासाठी कलम 18चा अर्ज, आणि निवाड्याच्या वेळी हजर असशील तर मुदत फक्त 6 आठवडे. एका माणसाचं काम मी चालवलं, मोबदला चांगला वाढवून मिळाला, तो पेढे घेऊन आला आणि त्याच्यामागे त्याचा चुलतभाऊ दारातच उभा होता, बांधाला बांध लागून जमीन, माती तीच पाणी तेच, पण त्याने अर्जच केला नव्हता कारण मुदत असते हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. 1984च्या दुरुस्तीने कलम 28अ आलं होतं, शेजाऱ्याला कोर्टाने वाढवून दिलं तर त्या निकालापासून 3 महिन्यांत तूही कलेक्टरकडे अर्ज करू शकतोस. मी त्याचा अर्ज लिहून दिला. पण भूसंपादनाच्या त्या नोटिफिकेशनमध्ये गावातले अजून कितीतरी लोक होते, आणि एक वकील किती दारं ठोठावणार गं? जो फी घेऊन येतो त्याच्यासाठीच मी बोलणार. ते 3 महिने माझ्या डोळ्यांसमोर निघून गेले, थोड्याच लोकांपर्यंत पोचलो मी. ते मला अजून टोचतं.

1991ला पेपर काढला तो त्यातून. सेकंडहँड ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशीन, अक्षरांच्या खिळ्यांचे खण, ते खिळे जुळवणारे एक म्हातारे कंपोझिटर आणि 4 पानं. पहिल्या अंकात पहिल्या पानावर ठळक टाइपात कलम 28अ साध्या मराठीत छापलं, अर्जाचा नमुना सुद्धा. पुढच्या बाजाराच्या दिवशी लोक कात्रण घडी करून खिशात घालून आले. वकिलीत मला असं समाधान कधी मिळालं नव्हतं.

आता जे सांगायचंय ते नीट वाच. कोर्टात तू दुसऱ्याच्या वतीने बोलतेस, हरलीस तरी संध्याकाळी कोट काढून घरी येतेस. पेपरात शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात प्रिंटलाइन असते, तिथे मुद्रक, प्रकाशक, संपादक म्हणून नाव जातं, आणि बातमी कुणीही लिहिलेली असो, समन्स त्या नावावर येतं. 1867च्या छापखाने-वृत्तपत्रांच्या कायद्यापासून हे असंच आहे. मी प्रांत ऑफिसात जाऊन पेपर काढण्याच्या डिक्लेरेशनवर सही केली होती, आता 2023चा नवा कायदा आलाय, 1 मार्च 2024पासून सगळं ऑनलाइन पोर्टलवर, पण खाली नाव लागतं ते लागतंच.

न. चिं. केळकर तुझ्याच साताऱ्यात वकिली करत होते. 1894ला एलएलबी, आणि 1896ला टिळकांनी पुण्याला बोलावलं, लॉ क्लासला आणि मराठा या इंग्रजी साप्ताहिकाला माणूस हवा होता. ते गेले. 1908ला टिळकांना राजद्रोहात 6 वर्षं झाली, त्या निकालाबद्दल मराठात लिहिलं म्हणून हायकोर्टाने केळकरांना कंटेम्प्टमध्ये, म्हणजे कोर्टाच्या अवमानासाठी, 14 दिवस कैद आणि 1000 रुपये दंड केला. कायदा शिकलेला माणूस, कुठे काय होऊ शकतं हे त्यांना कळत नसेल का? तरी लिहिलं, आणि बाहेर येऊन पुन्हा त्याच टेबलाशी बसले. मला त्यांच्याबद्दल फार वाटतं.

पण मनू, 1882चं कोल्हापूर प्रकरण त्याहून जास्त लक्षात ठेव. केसरी-मराठाला जेमतेम वर्ष झालेलं, कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतोय म्हणून कारभारी बर्वे यांच्यावर लिहिलं, आणि ज्या पत्रांवर विसंबून लिहिलं ती बनावट निघाली. आगरकर आणि टिळक दोघांना 4 महिन्यांची शिक्षा, 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. हेतू चांगलाच होता, टिळक तर एलएलबी झालेले, पण कागद खोटे होते.

माझ्याकडून तेच झालं. तू तिसरीत होतीस. एका माणसाने झेरॉक्स आणून दिल्या, एका संस्थेच्या कर्जवाटपाच्या. 9 वर्षं मूळ कागद दाखवा म्हणून कोर्टात ओरडणारा मी, मी मूळ कागद मागितलाच नाही कारण मला ती बातमी खरी असायला हवी होती. त्यातले दोन कागद खोटे निघाले. कलम 500ची, म्हणजे अब्रुनुकसानीची केस, चार वर्षं तारखा, आणि ज्या कोर्टात मी उलटतपास घेतले तिथेच आरोपी म्हणून उभा राहिलो. पहिल्या पानावर माफी छापली, बातमी जेवढी होती तेवढ्याच जागेत. तुझ्या आईने त्या दिवसांत काय काढलं ते तिलाच विचार, मी सांगणार नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो. वर्गणीवर पेपर चालत नाही, जाहीर नोटिसा, वाढदिवसाच्या जाहिराती आणि दिवाळी अंक यावर चालतो, आणि जाहिरात देणारा माणूस कधीतरी फोन करतोच की ती बातमी जरा बघा. सनदेचं तू बघितलंच असशील, लेख लिहिण्याला बार कौन्सिलची ना नाही पण स्वतः धंदा चालवायचा तर प्रॅक्टिस बाजूला ठेवावी लागते, दोन्ही एकदम नाही जमत.

मी नाही म्हणत नाहीये. मला गुडघ्यांमुळे आता तहसीलला चढउतर होत नाही आणि हा पेपर बंद पडला तर मला फार लागेल. पण माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस. प्रिंटरला सांगितलंय, पुढच्या दोन अंकांवर माझंच नाव राहू दे. शनिवारी ये. ट्रेडलच्या खोलीत टेबलाच्या खालच्या खणात त्या केसची फाइल आहे, त्या झेरॉक्स पण त्यातच आहेत. आधी ती पूर्ण वाच, एकटीने, मी बाहेर बसतो. बार कौन्सिलला पत्र त्याच्यानंतर पाठव.

तुझा,
बाबा