सोलेदादची पानं

पुणे

प्रिय सुमे,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर नाही, फुगली असशील. आईचा गुडघा आहे तसाच, बाकी ठीक. पण आजचं दुखणं तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

कोलंबियन लेखिका सोलेदाद आकोस्ता दे साम्पेरच्या रोजनिशीचा अनुवाद संपादकांनी परत पाठवलाय. प्रेमाचा भाग सुरेख, म्हणे. 1854 च्या बंडाची पानं काढा, वाचक कंटाळेल. अगं, तीच तर पानं! एप्रिलमध्ये बंडखोर जनरल मेलोने राजधानी बोगोता घेतली. तिचा प्रियकर, पुढे नवरा झाला तो होसे मारिया, सरकारच्या बाजूने लढायला गेलेला, आणि ही विशीतली पोर शहरात. डिसेंबरात शहर बंडखोरांच्या हातून सुटेपर्यंत कानावर येईल ते टिपत राहते. त्याच्या जिवाचा घोर आणि लढाईच्या खबरा अशा गुंतल्यात की एक उचललं की दुसरं फाटतं. बाप इतिहासकार होता, पण इतिहास ती इथे शिकली असं मला वाटतं.

तू म्हणशील, ‘मी सांगत होते, रोजनिशी सोड, तिने लिहिलेली चरित्रं घे.’ मला ते अजून पटलेलं नाही. त्या भांडणात माझ्या वाटचा चहा तू पिऊन टाकलास, तो वसूल करायचाय!

आणि पुस्तक म्हणे 1855 च्या लग्नापाशी संपवा. पुढची अठ्ठावन्न वर्षं काय झालं? 1872 च्या साथीत दोन मुली गेल्या. 1876 मध्ये नवरा तुरुंगात, तर हिने थेट राष्ट्राध्यक्षांना खरमरीत पत्र धाडलं. दोनच वर्षांत ‘ला मुहेर’ नियतकालिक काढलं, लिहिणाऱ्या सगळ्या बायका. कादंबऱ्या लिहिल्या, चरित्रं लिहिली, 1901 मध्ये बापाचंही. एवढ्या बाईला नुसती प्रेयसी करून छापायचं? माझा जीव तुटतो गं.

बदलीचं काय झालं? मन्याची दहावी कशी चाललीय? भाऊजींना नमस्कार.

बंडाची पानं सोबत जोडलीत. रविवारपर्यंत वाच आणि वाक्य कुठे अडखळतं तिथे पेन्सिलीने खूण कर. भाषा हवी तेवढी सुधारेन, पान एकही काढणार नाही. प्रस्तावनेत पुढचं आयुष्य मी लिहिते; ‘ला मुहेर’वरचं तुझं जुनं टिपण तेवढं पाठव.

तुझी,
नलू