पाटी नको, पन्हळीला पैसे द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या जुन्या चर्चच्या दुरुस्तीसाठी सध्या वर्गणी सुरू आहे, गोळा करणाऱ्यांत मी पण आहे, त्याबद्दल चार ओळी लिहितोय, जागा असेल तर छापा. लोक देत नाहीत अशी तक्रार अजिबात नाही. कोल्हापूरकर द्यायला कधी मागं सरत नाही, तालमीचा गणपती असू दे नाहीतर महापुरातली जेवणाची पाकिटं. अडचण वेगळीच आहे. पैसे कशाला वापरायचे हे देणाराच ठरवून येतो, आणि तो नेहमी डोळ्याला दिसेल असंच काहीतरी ठरवून येतो.

म्हणजे एकजण म्हणाला आतली सगळी फरशी ग्रॅनाइटची करून देतो, फक्त दाराशी आईवडिलांच्या नावाची पाटी लावा. दुसऱ्यानं साउंड सिस्टिम देऊ केली. पंखे तर इतके आले की लावायला जागा नाही. आणि इकडे वरच्या पन्हळी गंजून फुटल्यात, पाणी थेट भिंतीत मुरतंय, आढ्याजवळचा एक वासा वाळवीनं असा पोखरलाय की बोटानं दाबला तरी भुगा पडतो, जुलैत उपासना चालू असताना वेदीच्या डाव्या अंगाला बादल्या ठेवाव्या लागतात आणि प्रार्थनेला सगळे गप्प झाले की टपटप टपटप तेवढं ऐकू येत राहतं. आता पन्हळीवर कुणाचं नाव कोरता येत नाही, मग तिला पैसे देणार कोण?

बरं, घाईनं काम करून मोकळं व्हायचं म्हटलं तरी चालत नाही. भिंती काळ्या दगडाच्या आणि चुन्याच्या आहेत. मागे कधीतरी कुणीतरी भल्या मनानं खालच्या तीन-चार फुटांना सिमेंटचा गिलावा मारून घेतला. चुन्याची भिंत ओल धरते तशी सोडते पण, सिमेंटनं तिचं तोंडच बंद केलं, मग आतली ओल वर चढायला लागली आणि सिमेंट संपतं तिथून वर पांढरा खार फुटून जुना गिलावा पापुद्र्यासारखा सुटतोय. आता आधी ते सिमेंट हळूहळू काढायचं, भिंत वाळू द्यायची, मग चुना. चुना म्हणजे पोतं फोडलं आणि कालवलं असं नसतंय, तो भिजत ठेवायचा, मळायचा, जुने गवंडी त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचे. हे जाणणारा गवंडी आज शोधून आणावा लागतो आणि त्याची मजुरी साध्या गवंड्यापेक्षा जास्तच असणार. दिवाळीनंतर सुरू करून वळवाच्या आत छपराचं उरकलं तर ठीक, नाहीतर आणखी एक पावसाळा अंगावर काढायचा. एका ठेकेदारानं तर सांगितलं, कौलं काढून टाका, वर पत्रा मारा, स्वस्तात होतंय. होईल की, पण मग जुनं चर्च म्हणून राहिलं काय? मंगलोरी कौलांचा कारखाना मुळात 1865 मध्ये मंगलोरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी काढला, म्हणजे ते कौल पण एका परीनं आमच्याच घरातलं आहे, आणि आम्हीच ते उतरवून पत्रा मारायचा!

वर्गणीला फिरताना हमखास एक वाक्य ऐकायला मिळतं, "तुम्हाला काय, बाहेरून पैसा येतोय." त्याचं उत्तर इथं एकदाच देऊन टाकतो. परदेशातून देणगी घ्यायला एफसीआरए म्हणजे परकीय देणगी कायद्याची परवानगी लागते, ती आमच्याकडे नाही, त्यामुळे परक्या माणसाकडून एक रुपया पण घेता येत नाही. दुबईला किंवा लंडनला नोकरी करणारा आपलाच पोरगा, पासपोर्ट भारताचा असेल, तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतो, पण तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर नाही. आणि देणगीवरची आयकराची सूट सरकारनं जाहीर केलेल्या ऐतिहासिक देवळांच्या, मशिदींच्या, चर्चच्या दुरुस्तीला मिळते, आमचं त्या यादीत नाही, तेव्हा टॅक्स वाचेल म्हणून कुणी देऊ नये.

मग पैसा येतो कुठून? हंगामाच्या सणातून. लोक शेतातलं पहिलं पीक अर्पण करतात, उपासनेनंतर लिलाव होतो. यंदा एक साधा दुधी भोपळा, घेणाऱ्यानं पैसे भरले आणि भोपळा परत टेबलावर ठेवला, पुन्हा लिलाव, पुन्हा परत, शेवटी एका म्हातारीनं तो घरी नेला. त्या पैशाला पाटी नाही. मंडळीनं ते सगळे पैसे छपरासाठी बाजूला ठेवले. पण भोपळ्यावर छप्पर होत नाही, म्हणून गावाकडं बघतोय.

गावाकडं बघायला संकोच वाटत नाही, कारण 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा कोण कुठल्या जातीधर्माचा हे कुणी विचारलं नव्हतं, सगळं कोल्हापूर हळहळत होतं. अमेरिकन मिशनरी वायल्डर 1852 मध्ये इथं आले तेव्हापासून ही मंडळी याच गावाची आहे, शाळा-दवाखान्यांत गावातली सगळ्या धर्मांची माणसं येत राहिली. फक्त एवढंच की नाट्यगृहाची आग सगळ्यांना दिसली, वाळवी दिसत नाही.

म्हणून देणाऱ्यांना विनंती, ग्रॅनाइट आणि पंखे आता राहू द्या. "छप्पर आणि पाणी" असं लिहूनच पैसे द्या, पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. आमच्या पंचांना पण जाहीरपणे सांगतो, जमा-खर्चाचा कागद दर महिन्याला आवाराच्या गेटवर लावा, बाहेरच्या बाजूनं, आत नको. गेल्या बैठकीत यावरून माझं आणि दोघा-तिघांचं चांगलंच वाजलं, त्यांचं म्हणणं मंडळीचा हिशोब मंडळीत राहावा. गावाकडून पैसे घेणार असाल तर तो गावाला दिसलाच पाहिजे, माझं म्हणणं अजून तेच आहे.

आपला,
मंडळीतला एक सभासद, कोल्हापूर