लॅक्रॉसलाही थोडी जागा द्या

संपादक महोदय,

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी पाच खेळ मंजूर केले. आपल्याकडे गाजावाजा झाला तो एकट्या क्रिकेटचा. त्याच यादीतल्या लॅक्रॉसचं नाव आमच्या महाल भागातल्या कट्ट्यावर कुणाला धड उच्चारता आलं नाही. (मलाही नाही, नातवाने सुधारलं.)

टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा, फेकायचा आणि गोल करायचा, असा हा उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा खेळ. १९०४ आणि १९०८ च्या ऑलिम्पिकमध्ये तो होता. दोन्ही वेळा सुवर्ण कॅनडाला. १९०८ ला तर संघच दोन आले होते, म्हणजे हरूनही पदक पक्कं! पुरुषांची जागतिक स्पर्धा १९६७ ला टोरंटोत सुरू झाली, तीही चारच संघांची.

खरी बातमी पुढेच आहे. ज्यांचा हा खेळ, त्या मूळ रहिवाशांपैकी हौडेनोसॉनी लोकांचा स्वतंत्र संघ १९९० पासून जागतिक स्पर्धेत उतरतो. २०१० मध्ये ब्रिटनने त्यांचे स्वतःचे पासपोर्ट मानले नाहीत आणि मँचेस्टरची स्पर्धा हुकली. २०२३ मध्ये ते तिसरे आले. तरीही स्वतःच्या झेंड्याखाली ऑलिम्पिक खेळायला अडसर, कारण मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिम्पिक समिती त्यांच्याकडे नाही.

आपल्या क्रीडापानाने यावर सविस्तर लिहावं. आयपीएलच्या एका फोटोची जागा पुरेल.

– एक जुना वाचक, महाल, नागपूर