गेट ॲपसाठी आधारकार्डाची सक्ती नको

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
जुळे सोलापूर, सोलापूर.

विषय: गेट ॲपमध्ये आधारकार्डाचा फोटो टाकण्याची सक्ती मागे घेण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या ॲपचा विषय रविवारच्या सभेत चहा येण्याआधीच उरकला. आधारच्या फोटोबद्दल मी विचारलं, तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, आपलं सगळं कधीच बाहेर गेलंय ओ, आता झाकायचं काय राहिलंय?" सगळे हसले. मला राग आला नाही, कारण लोक खरंच दमलेत. सिमकार्डाला आधार, गॅसला आधार, लॉजवर खोली घ्यायची तरी आधार. लोन हवंय का विचारणाऱ्या पोरीला आपलं नाव आपल्याआधी ठाऊक असतं. माणसं म्हणतात, जाऊ दे. घरात बसून म्हणावं की. कमिटीने त्याच जोरावर आधारसक्तीचा ठराव केला तेव्हा मात्र मला हे पत्र लिहावं लागलं.

कंपन्यांकडे जे गेलं ते परत आणणं तुमच्या-माझ्या हातात नाही. गेटवरचं रजिस्टर मात्र आपलं आहे. महापालिकेची लाईन रस्त्यात गळते म्हणून आपण आपल्या टाकीचा बॉलकॉक वाहता ठेवतो का?

ते रजिस्टर मी परवा चाळलं. वॉचमन चहाला गेला होता, कुणी हटकलंही नाही. दोन पानांत एवढं कळलं: आमच्याच विंगमधल्या आजींकडे रोज अकराच्या सुमारास फिजिओथेरपीवाली येते, त्याखेरीज दिवसभर कुणी नाही. वरच्या मजल्यावर दूधवाल्याच्या नोंदीवर काट मारून "गावाला, बंद" असं लिहिलंय. शेजारी फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर, सही. आता याला आधार जोडायचा म्हणता.

नुसता मोबाइल नंबर कुणाच्या हाती लागला तर फार बिघडत नाही. नंबर, पत्ता, घरात एकटं कोण असतं आणि आधार, हे सगळं एका जागी आलं की बिघडतं. मग फोनवरचा माणूस छातीठोक सांगतो, "पोलीस बोलतोय, तुमच्या आधारवर पार्सल पकडलंय." फोनवरच अटक केल्याचं भासवणारी ही 'डिजिटल अरेस्ट', असं कायद्यात काही नाही, हे खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये सांगितलं. तरी शिकलेली माणसं फसतात, कारण समोरच्याला घरातलं माहीत असतं. पैसे गेल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा असतो, तोही लगेच. आजींना तो नंबर माहीत आहे का, हे कुणी विचारलंय?

कायद्याचंही बघा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. बऱ्याच जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिने दिलेत, म्हणून आपण तोवर स्वस्थ बसायचं असं नाही. त्या कायद्यात एक तरतूद मला फार आवडली: आपला डेटा कशासाठी घेताय ही सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायला मिळण्याची सोय हवी. म्हणजे मराठीत, आणि आपल्याकडच्या तेलुगू, कन्नड घरांना त्यांच्या भाषेतही. आपल्या ॲपच्या अटी इंग्रजीत आहेत. सेक्रेटरींनी 'ॲग्री' दाबलं आणि सगळी सोसायटी ॲग्री झाली!

मावशींना तर विचारलंही नाही. सकाळी विड्या वळून दुपारी आपल्याकडे भांड्याला येणाऱ्या बायकांचे फोटो आणि आधार ॲपवर कधीच चढलेत. कोण किती वाजता आली, किती वाजता गेली, हे प्रत्येक फ्लॅटला मोबाइलवर दिसतं. त्या नाही म्हणू शकत नाहीत, म्हटलं तर काम जातं.

ॲप राहू द्या. पार्सलवाल्याची नोंद होते, माझा त्याला विरोध नाही. ओळख पटवायचीच तर वॉचमनने कार्ड बघावं आणि परत द्यावं. कागद ठेवणं भागच असेल तर मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. भाडेकरूंचे पोलीस पडताळणीचे कागद पोलीस ठाण्यात द्यायचे असतात, आपल्या ऑफिसच्या कपाटात त्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा कशाला? ते कपाट लागत नाही, दाराला सुतळी बांधलीय. आणि कॅमेऱ्यांचा पासवर्ड अजून बसवणाऱ्याने दिलेलाच असेल, तर तो आजच बदलून घ्या. त्याला ठरावाची गरज नाही.

पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये हा विषय घ्यावा आणि कोण काय म्हणालं ते इतिवृत्तात यावं, ही विनंती. तोवर आमच्या घरातल्या कुणाच्याही आधारचा फोटो मिळणार नाही. त्यापायी गेटवर माझ्या पाहुण्यांना अडवलं, तर मी स्वतः खाली येऊन त्यांना वर नेईन, लिफ्ट चालू असो वा नसो.

कळावे,

आपली विश्वासू,
एक सभासद, बी विंग